तोंड का कोरडे पडते?

बायांनो, आज आपण तोंडाविषयी वाचणार आहोत. तोंडाने बोलायच्या गोष्टी पुष्कळ असतात. पण खुद्द तोंडाविषयी आपण फार कमी बोलतो.

चाळिशी उलटली, पंचेचाळिशी आली, की पुष्कळ बायांना एक त्रास सुरू होतो. ज्वारीची भाकरी घशाखाली उतरत नाही. घासागणिक पाणी लागते. रात्री झोपेत जीभ टाळूला चिकटते. मग अंधारात चाचपडत उठायचे आणि उशाचा तांब्या तोंडाला लावायचा. सकाळी तोंडाला वास येतो. ठेचा तर लांबच राहिला, साधी आमटीही झोंबते. कोणी विचारलेच तर बाई म्हणते, “उष्णता झालीय अंगात.” दुसरी म्हणते, “पित्त असंल.” तिसरी म्हणते, “वय झालं आता, चालायचंच.”

पण वय झाले म्हणून तोंडाचे हाल सोसलेच पाहिजेत असे नाही. आधी हे काय होते ते समजून घेऊ.

आपल्या तोंडात लाळ असते. लाळ म्हटले की लहान मूल आठवते, नाहीतर लाळ्या-खुरकूत झालेला बैल आठवतो. म्हणून आपण लाळेला हलकी समजतो. ती हलकी नाही. धडधाकट माणसाच्या तोंडात दिवसभरात अर्धा ते दीड लिटर लाळ तयार होते. म्हणजे मोठा तांब्याभर म्हणा. ती तयार करणाऱ्या तीन जोड्या ग्रंथी आहेत. ग्रंथी म्हणजे रस तयार करणारी अंगातली जागा. एक जोडी कानापुढे गालात आहे. पोराला गालगुंड होते तेव्हा जी जागा सुजते, तीच ही. दुसरी जोडी जबड्याखाली आणि तिसरी जिभेखाली. याशिवाय ओठांत आणि गालांत बारीक बारीक ग्रंथी आहेत त्या वेगळ्याच.

लाळेचे काम घरी पाहता येते. भाकरीचा कोरडा तुकडा तोंडात घ्या. गिळू नका. खूप वेळ चावत राहा. थोड्या वेळाने तो गोडसर लागू लागेल. त्यात कोणी गूळ टाकला नाही. लाळेने पिठाची साखर करायला सुरुवात केली. म्हणजे अन्न पचायला लागते ते पोटात नव्हे, तोंडातच.

लाळ दातही धुते. आपण खातो ते दातांच्या फटीत अडकते. त्यावर बारीक जंतू वाढतात आणि आंबट रस सोडतात. त्या रसाने दात झिजतो, किडतो. लाळ हा आंबटपणा मारते आणि दाताला पुन्हा बळ देते. लाळ कमी झाली की दाताचा राखणदारच गेला. मग वर्षा-दोन वर्षांत धडधाकट दात हिरडीपाशी किडू लागतात. बाई म्हणते, “दात काय, म्हातारपणी पडायचेच.” दात म्हातारपणाने आपोआप पडत नाहीत. कीड आणि हिरड्यांचा रोग त्यांना पाडतो.

आता पाळीकडे वळू.

आपल्याकडे बहुतेक बायांची पाळी ४५ ते ५० वर्षांच्या दरम्यान बंद होते. कोणाची थोडी आधी, कोणाची थोडी नंतर. सलग बारा महिने पाळी आली नाही, म्हणजे ती गेली असे समजावे. पोटात गर्भपिशवीच्या दोन्ही बाजूंना बीजकोश असतात. ते रक्तात एक रस सोडतात. त्या रसाचे काम पिशवीपुरते नसते. हाडे, कातडी, झोप, मन आणि तोंड, सगळीकडे तो पोचतो. लाळेच्या ग्रंथींना आणि तोंडाच्या आतल्या मऊ कातडीलाही त्याची सवय असते. पाळी जायच्या सुमाराला हा रस कमी होतो. मग काही बायांची लाळ कमी होते, तोंडाची कातडी पातळ आणि नाजूक होते. काहींची लाळ मोजली तर ठीक भरते, तरीही तोंड कोरडे वाटते किंवा जिभेची आग होते. तो त्रासही खराच असतो. “सोंग करते” असे म्हणणाऱ्याने एक रात्र कोरड्या तोंडाने काढून पाहावी.

सगळ्याच बायांना हे होते असे नाही. जिला होते तिने घाबरू नये. पण सगळे खापर पाळीवर फोडून गप्पही बसू नये. तोंड कोरडे पडण्याची दुसरीही कारणे आहेत आणि त्यांतली काही जिवावर बेतणारी आहेत.

समजा, दोन जावा ओसरीवर शेंगा फोडीत बसल्या आहेत. थोरलीची पाळी गेल्या साली गेली.

“आक्का, रातच्याला लई उठता तुम्ही. झोप लागत न्हाई का?”

“तोंडाला नुसती कोरड पडती बघ. तांब्या सरतो रातीतनं.”

“पाळीचंच असंल.”

“असंल. पण परसातबी चारदा जावं लागतं. अन् चोळ्या ढिल्या व्हायला लागल्यात. खाते तर पयल्यासारखीच.”

इतक्यात आशाताई दारात येते. ती हे बोलणे ऐकते आणि म्हणते, “मावशी, उद्या सकाळी चहाबी न घेता उपकेंद्रावर या. बोटाला टोचून साखर बघू.”

तहान फार, लघवी फार आणि वजन उतरलेले. या तीन गोष्टी एकत्र आल्या की मधुमेहाची शंका घ्यावी. थोरल्या जावेच्या रक्तात साखर निघाली, तर त्यावर औषध आहे, पथ्य आहे. साखर आटोक्यात आली की ही तहानही कमी होते. पण “पाळीचंच असंल” म्हणून ती बसून राहिली असती, तर साखरेने आतल्या आत डोळे, मूत्रपिंडे आणि पायाच्या नसा खाल्ल्या असत्या. ३० वर्षांवरील प्रत्येकाची साखर आणि रक्तदाब सरकारी उपकेंद्रात तपासतात. तोंडही तपासतात. या उपकेंद्रांपैकी पुष्कळांवर आता ‘आयुष्मान आरोग्य मंदिर’ अशी पाटी असते. ती पाटी वाचता आली म्हणजे आत जायला संकोच वाटायचे कारण नाही.

औषधांनीही तोंड सुकते. सर्दीच्या आणि खाजेच्या काही गोळ्या, रक्तदाबाच्या काही गोळ्या, झोपेच्या आणि मनाच्या आजाराच्या काही गोळ्या, यांनी लाळ कमी होते. म्हणून गोळी आपल्या मनाने बंद मात्र करू नये. गोळ्यांचे पाकीट डॉक्टरांना दाखवावे आणि सांगावे, “ही सुरू केल्यापासून तोंड सुकतंय.” कधी गोळी बदलता येते, कधी तिची वेळ बदलता येते.

आणखी एक आजार आहे. यात तोंडाबरोबर डोळेही कोरडे पडतात. डोळ्यांत वाळू गेल्यासारखे खुपते. सांधे दुखतात. अंगातली जी शक्ती रोगाशी लढते, तीच चुकून लाळेच्या आणि आसवांच्या ग्रंथींवर उलटते. हा आजार बायांनाच अधिक होतो आणि तोही पुष्कळदा याच वयात. त्याला मोठ्या दवाखान्यात दाखवावे लागते.

आणि मग आपले पाणी. आपला जिल्हा, पूर्वीचा अहमदनगर आणि २०२४ पासूनचा अहिल्यानगर, पावसाच्या बाबतीत मोठा अभागी. अकोल्याकडे डोंगरात धो धो कोसळतो आणि कर्जत, जामखेड, पाथर्डी, पारनेरकडे ढग नुसते तोंड दाखवून जातात. उन्हाळ्यात टँकरची वाट पाहायची. ज्या घरी पाणी डोक्यावरून येते, त्या घरची बाई स्वतः शेवटी पिते. शेतात गेली तर तिथे आडोसा नाही, म्हणून सकाळपासून पाणीच पीत नाही. “पाणी पिलं तर जायचं कुठं?” हा प्रश्न पुरुषाला पडत नाही. असे दिवसभर उन्हात बिनपाण्याचे राहिले तर तोंड कोरडे पडणारच, लघवीला आग होणारच, कधी मूतखडाही होतो. बाप्यांनो, हे वाचत असाल तर एवढे करा. शेतात बायांसाठी चार खांब रोवून आडोसा करून द्या. त्याला फार पैसे लागत नाहीत.

आता मिसरीची गोष्ट. ही जरा जास्त वेळ सांगायला हवी, कारण आपल्याकडे तोंडाचा घात मिसरीइतका दुसऱ्या कशाने होत नसेल.

तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजतात, कुटतात आणि डबीत भरतात. सकाळी बोटाने दातांना लावतात. पहिल्यांदा दात दुखतो म्हणून लावलेली असते. मग ती सकाळी लागते, दुपारी लागते, झोपतानाही लागते. बाई म्हणते, “मिसरी लावल्याबिगर परसाकडं होत न्हाई.” म्हणजे तंबाखूने पोटालाही गुलाम केले.

पाळी जाताना तोंड सुकू लागले की मिसरीची ओढ आणखी वाढते. कारण मिसरी लावली की तोंडाला पाणी सुटते. बाईला वाटते, हेच आपले औषध! पण ते पाणी कसले? मिरचीने डोळ्यांत पाणी येते, म्हणून मिरची डोळ्यांचे औषध होत नाही. तंबाखू हिरडीला डिवचते, म्हणून घटकाभर लाळ सुटते. ती थुंकून टाकली की तोंड पुन्हा कोरडे. इकडे हिरडी दातापासून सुटते, दाताचे मूळ उघडे पडते. आधीच पातळ झालेल्या कातडीवर तंबाखू तासन् तास बसून राहते. पुढे तोंडात पांढरा किंवा लाल चट्टा उठतो. तो दुखत नाही, म्हणून कोणी पाहत नाही. तोंडाच्या कर्करोगाची सुरुवात पुष्कळदा अशा न दुखणाऱ्या चट्ट्यातून होते.

गुटख्यावर महाराष्ट्रात २०१२ साली बंदी आली. मिसरी मात्र घरच्या तव्यावर होते. तिच्यावर बंदी घालायची तर ती आपणच घालायची. एकदम सुटत नसेल तर आधी झोपतानाची बंद करा. मग दुपारची करा. सकाळच्या वेळेला हातात ब्रश नाहीतर लिंबाची काडी घ्या. पहिले काही दिवस चिडचिड होते, डोके दुखते, पोट साफ होत नाही. ते दिवस निघून जातात. तंबाखू सोडायला मदत हवी असेल तर १८००-११२-३५६ या सरकारी नंबरवर फोन करावा. त्याला पैसे पडत नाहीत.

सुपारीही तशीच. कोरड्या तोंडात चघळायला म्हणून सुपारी धरू नये. सुपारीने गालाची कातडी आतून ताठ होते, तोंड उघडेनासे होते. आपली तीन बोटे उभी धरून तोंडात घालून पाहा. ती जात नसतील तर दातांच्या डॉक्टरांकडे जा.

आता ज्या बायांची पिशवी काढली आहे, त्यांच्याविषयी. हे वाचताना काही जणींना जड जाईल, पण वाचलेच पाहिजे.

पाथर्डी, शेवगाव, जामखेड या भागांतून दिवाळीच्या सुमाराला ऊसतोडीच्या टोळ्या बाहेर पडतात. नवरा-बायकोचा मिळून एक कोयता. मुकादमाची उचल घेतलेली. एक दिवस खाडा झाला तर पैसे कापले जातात. पाळीच्या दिवसांतही मोळी डोक्यावर घ्यावी लागते. शेजारच्या बीड जिल्ह्यात अशा पुष्कळ बायांच्या पिशव्या काढल्याचे २०१९ साली उघड झाले. सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तिथे ८२ हजारांहून अधिक ऊसतोड बायांची पाहणी झाली. त्यांतल्या १३ हजारांहून अधिक जणींची पिशवी काढलेली होती. त्यांत तरण्या बायाही होत्या.

पिशवी काढली की पाळी बंद होते. पण पिशवीबरोबर दोन्ही बीजकोशही काढले, तर अंगातला तो रस एका दिवसात बंद पडतो. जे पंचेचाळिसाव्या वर्षी हळूहळू व्हायचे, ते तिसाव्या वर्षी एकदम होते. अंगातून वाफा निघतात, झोप उडते, हाडे ठिसूळ होऊ लागतात, तोंडही सुकते. बाई म्हणते, “माझं काय वय झालंय? मला का असं होतंय?” तिला कोणी सांगितलेलेच नसते, की आपल्या पोटातून नेमके काय काढले.

म्हणून ऑपरेशनचे कागद जपून ठेवा. ट्रंकेत ठेवा, देवामागे ठेवा, पण फेकू नका. ते इंग्रजीत असतील तर नर्सबाईंना नाहीतर शाळेच्या मास्तरांना दाखवा आणि विचारा, “पिशवीच काढली की बीजकोशबी काढले?” चाळिशीच्या आत बीजकोश गेले असतील तर स्त्रीरोगाच्या डॉक्टरांकडे जरूर जावे. अशा बाईला पुष्कळदा त्या रसाची औषधे द्यावी लागतात, मुख्यतः हाडांसाठी. नुसते तोंड कोरडे पडते म्हणून मात्र ती औषधे कोणी मागून घेऊ नयेत. ती डॉक्टरांनी सर्व तपासून ठरवायची असतात. आणि यापुढे कोणी पिशवी काढायला सांगितली, तर दुसऱ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय हो म्हणू नका.

आता घरी काय करावे ते पाहू. यात नवल असे काही नाही, पण नेमाने करायला हवे.

पाणी घोट घोट प्यावे. तांब्याभर पाणी एकदम घटाघटा प्यायले तर ते पोटात जाते, तोंड पुन्हा कोरडेच. शेतात जाताना बाटली बरोबर घ्यावी. जेवताना भाकरी कोरडी खाऊ नये. कालवणात, ताकात, दुधात कुस्करून खावी. आपल्याकडचे हुलग्याचे शेंगोळे रसासकट या वेळी फार बरे, मात्र तिखट कमी घालावे. चहा कमी करावा. दिवसातून सहा वेळा गोड चहा म्हणजे सहा वेळा दातांना साखरेचा लेप. लाळ कमी असेल तर तो लेप कोणी धूत नाही.

चावल्याने लाळ सुटते. जेवणानंतर थोडी बडीशेप चावावी. वेलदोडा धरावा. साखरेच्या गोळ्या चघळू नयेत. चिंच, लिंबू यांनी पाणी सुटते हे खरे, पण सारखे आंबट चोखले तर दात झिजतात. कोरड्या तोंडाला ते झोंबतेही.

एक पेला कोमट पाण्यात पाव चमचा खाण्याचा सोडा आणि चिमूटभर मीठ घालून दिवसातून तीन-चार वेळा चूळ भरावी. पाणी थुंकून टाकावे, गिळू नये. ओठ फुटले तर तूप लावावे.

दात दोनदा घासावेत. एक वेळ चुकलीच तर सकाळची चुकू द्या, पण झोपतानाची चुकवू नका. कारण झोपेत लाळ जवळजवळ बंद असते. रात्रभर जे दाताला चिकटून राहते ते दात खाते. लिंबाची काडी चावणे वाईट नाही, पण कीड रोखायला फ्लोराइड असलेली पेस्ट अधिक उपयोगी. कोळसा, वीट, राख यांनी दात घासू नका. त्यांनी दात झिजून पातळ होतात. कवळी असेल तर ती रात्री काढून, धुऊन, पाण्यात ठेवावी.

जिभेवर दह्यासारखा पांढरा थर आला आणि पुसला की खाली लाल दिसले, तर ती बुरशी असते. औषधाने ती बरी होते. तोंडातला चट्टा किंवा फोड दोन-तीन आठवड्यांत बरा झाला नाही, गाठ लागली, गिळताना अडकू लागले, तर थांबू नये. आणि पाळी जाऊन वर्ष उलटल्यावर पुन्हा रक्त दिसले, तर त्याच आठवड्यात डॉक्टरांकडे जावे. “पाळी परत आली” असे म्हणून खूश होऊ नये.

जायचे कुठे? आधी उपकेंद्र, मग तालुक्याचे ग्रामीण रुग्णालय, मग नगरचे जिल्हा रुग्णालय. लोणी आणि संगमनेर येथे दातांच्या डॉक्टरांची महाविद्यालये आहेत. तिथेही दात तपासतात. बैलाला लाळ्या झाला तर घरधनी त्याच दिवशी गुरांच्या डॉक्टरकडे धावतो. घरच्या लक्ष्मीच्या तोंडाला मात्र “बघू सुगी झाल्यावर” असे उत्तर मिळते. तेव्हा बायांनीच एकमेकींना घेऊन जावे हे बरे.

“आम्हा अडाणी बायांना हे कसं जमायचं?” असे कोणी म्हणेल. आपल्याच जिल्ह्यात जामखेडला १९७० साली डॉ. रजनीकांत आरोळे आणि डॉ. मेबल आरोळे हे जोडपे आले. त्यांनी गावोगावच्या बाया निवडल्या. पुष्कळ जणींना लिहिता-वाचता येत नव्हते. त्या बायांना त्यांनी आरोग्याचे शिक्षण दिले. त्या बाळंतपणे करू लागल्या, पोरांची वजने घेऊ लागल्या, गावाला पाणी उकळायला शिकवू लागल्या. १९७९ साली आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. पुढे देशोदेशीचे डॉक्टर जामखेडला शिकायला आले. त्यांना शिकवायला या बायाही उभ्या राहत. तुम्हाला तर आता हे पान वाचता येते.

डॉक्टरांपुढे गेल्यावर पुष्कळ बायांना बोलायला सुचत नाही. बाहेर आल्यावर सगळे आठवते. म्हणून चिठ्ठी लिहून न्यावी. पाळीची शेवटची तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवरून बघावी. खालची चिठ्ठी वाचा. मग वहीत आपली स्वतःची लिहा.

“माझे वय ४९. शेवटची पाळी मागच्या साली श्रावणात आली. सहा महिने तोंड कोरडे पडते. रात्री तीनदा पाणी पिते. लघवीला एकदा उठते. डोळे कोरडे पडत नाहीत. रक्तदाबाची गोळी सकाळी एक घेते, पाकीट बरोबर आणले आहे. पिशवीचे ऑपरेशन झालेले नाही. मिसरी बारा वर्षे लावीत होते, आता दोन महिने बंद आहे. उजव्या गालात आतून पांढरे दिसते, दुखत नाही. ते पाहावे. साखर तपासावी.”